कॅमेरा घ्यायचाय? आधी कामाची यादी करा

(सामुदायिक रेडिओवरच्या दुपारच्या कार्यक्रमात झालेलं हे भाषण, वाचक मैत्रिणींसाठी.)

दुपारची भांडी आवरून जरा टेकला असाल, तर थोडा वेळ इकडे कान द्या. आज मी कॅमेऱ्याबद्दल बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, आम्हाला कशाला कॅमेरा? फोन आहे की हातात. खरं आहे. घरातले फोटो काढायचे, व्हॉट्सॅपवर टाकायचे, एवढंच असेल तर वेगळा कॅमेरा घेऊच नका. हे मी आधीच सांगून टाकते. पण आपल्यातल्या काहीजणी आता बारशाचे, डोहाळजेवणाचे फोटो काढायची कामं घेतात, काहीजणी पदार्थांचे व्हिडिओ करतात. पैसे घेऊन काम करायचं ठरलं, की कॅमेऱ्याचा विचार येतोच. आणि तो विचार बहुतेक वेळा कर्जाच्या पैशातून करायचा असतो.

माझंच सांगते. मी गेली काही वर्षं बारशी, डोहाळजेवणं, मंगळागौर, छोटे साखरपुडे यांचे फोटो काढते. कॅमेरा माझा नव्हता. तालुक्याच्या एका स्टुडिओतून दिवसाला ८०० रुपये भाड्यानं आणायचे. एका कामाचे मला २,५०० रुपये मिळतात. म्हणजे भाडं गेलं की हातात १,७०० उरायचे. तेवढ्यावरही चाललं असतं. पण गेल्या लग्नसराईत एका बारशाच्या आदल्या संध्याकाळी निरोप आला, कॅमेरा दुसऱ्याला दिलाय. पाळणा सजलेला, पाहुणे आलेले, आणि मी फोन घेऊन उभी. त्या घरच्या आजी काही बोलल्या नाहीत, पैसेही पूर्ण दिले. पण त्या घरातून पुन्हा मला बोलावणं आलं नाही.

तेव्हा मी बचत गटाच्या बैठकीत कर्ज मागितलं. ७२,००० रुपये, २४ हप्ते, महिना एक टक्का व्याज. हिशेब गटातच मांडला, तो तुम्हीही ऐका. मुद्दलाचे दरमहा ३,००० आणि पहिल्या महिन्याचं व्याज ७२०, म्हणजे पहिला हप्ता ३,७२०. मुद्दल कमी होत जातं तसं व्याजही उतरतं, शेवटचा हप्ता ३,०३० चा. सगळं मिळून ८१,००० रुपये भरायचे. आता ८१,००० ला ८०० नं भागा. साधारण १०१ दिवसांचं भाडं झालं. दोन वर्षांत १०१ कामं, म्हणजे महिन्याला चार ते पाच. त्याहून कमी कामं येत असतील तर भाड्याचाच कॅमेरा परवडतो, उगीच विकत घेऊ नये. माझी वही काढून बघितली तर महिन्याला सरासरी पाच कामं निघाली. म्हणून कर्ज मंजूर झालं. गटातल्या बायांनी विश्वास टाकला होता. माझा हप्ता चुकला तर पुढच्या मैत्रिणीचं शिलाई मशीन अडणार होतं. म्हणून एक चुकीची खरेदी मला परवडणारी नव्हती.

आता मुद्द्याकडे येऊ. हल्ली दुकानात गेलं की 'मिररलेस' हा शब्द कानावर पडतो. पूर्वीच्या मोठ्या कॅमेऱ्यात, ज्याला डीएसएलआर म्हणतात, लेन्सच्या मागे एक आरसा असायचा. लेन्समधून आलेलं दृश्य त्या आरशावर आपटून वरच्या खिडकीतून आपल्या डोळ्याला दिसायचं. बटण दाबलं की आरसा वर उचलला जायचा आणि उजेड मागच्या सेन्सरवर पडायचा. सेन्सर म्हणजे जिथे चित्र उमटतं तो चौकोनी भाग, पूर्वीच्या रोलची जागा घेणारा. मिररलेसमध्ये आरसाच काढून टाकलाय. उजेड थेट सेन्सरवर पडतो आणि सेन्सरला जे दिसतं तेच आपल्याला पडद्यावर दिसतं. त्यामुळे कॅमेरा लहान आणि हलका झाला. फोटो उजळ येणार की काळपट, हेही बटण दाबायच्या आधीच कळतं. नव्यानं शिकणाऱ्या बाईला याचा फार उपयोग होतो. तोटा एकच, पडदा सतत चालू राहतो म्हणून बॅटरी लवकर उतरते.

माझ्या पैशात बसणारे दोन कॅमेरे दुकानदारानं पुढे ठेवले. एक कॅनन ईओएस आर५०, हा २०२३ साली आला. दुसरा निकॉन झेड ३०, हा २०२२ चा. दोन्ही पहिल्यांदाच कॅमेरा घेणाऱ्यांसाठी केलेले, दोन्हींबरोबर एक छोटी झूम लेन्स मिळते. भाव मी सांगत नाही, कारण ते सणासुदीला खालीवर होतात. तुम्ही घ्याल तेव्हा दोन-तीन दुकानांत विचारा.

दुकानदारानं पहिल्यांदा काय सांगितलं? "ताई, हा २४ मेगापिक्सेलचा आणि तो २१ चा. २४ वालाच घ्या." मेगापिक्सेल म्हणजे चित्र किती दशलक्ष ठिपक्यांनी बनलंय ते. कॅननचे २४.२, निकॉनचे २०.९. ऐकायला फरक मोठा वाटतो. पण मी अल्बमचा हिशेब केला. आपल्याकडे अल्बमचं एक पान १२ बाय १८ इंचांचं असतं. उत्तम छपाईला एका इंचात ३०० ठिपके धरतात. म्हणजे ३,६०० गुणिले ५,४०० ठिपके लागले. निकॉनचा फोटो ३,७१२ गुणिले ५,५६८ ठिपक्यांचा असतो. म्हणजे पूर्ण पानाला तोही पुरून उरतो. कॅननचा थोडा जास्त उरतो, एवढंच. फोटो नंतर कापून एखाद्याच चेहऱ्याचा मोठा करायचा असेल तर त्या जास्तीचा उपयोग होईल. एरवी या आकड्यावरून निर्णय करायचं कारण नाही.

मग मी घरी आले आणि कागदावर दोन रकाने केले. डाव्या बाजूला कॅमेऱ्यांचे गुण लिहिले नाहीत, माझी कामं लिहिली. अरुंद खोलीतला पाळणा. संध्याकाळच्या अंधुक उजेडातली ओटी. अंगणात, शेतात भर दुपारचं डोहाळजेवण. मांडवातले एलईडी दिवे. सोबत घरात असलेला जुना फ्लॅश. आणि शेवटी माझी चाळिशी, म्हणजे जवळचं दिसत नाही म्हणून लागलेला चष्मा. हा कागद घेऊन मी दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकानात गेले.

पहिलं काम, अरुंद खोली. आपल्या घरांत दहा फूट मागे सरकलं की पाठ भिंतीला लागते. मग एका फोटोत किती माणसं मावतात? कॅननबरोबरची लेन्स १८ ते ४५ मिलिमीटरची आहे, निकॉनबरोबरची १६ ते ५० ची. हा आकडा जितका लहान तितकं जास्त रुंद दृश्य मावतं. शिवाय निकॉनचा सेन्सर कॅननपेक्षा किंचित मोठा आहे, त्याचाही फायदा होतो. दहा फुटांवरून कॅननमध्ये साधारण सव्वाबारा फूट रुंदीचं दृश्य मावतं, निकॉनमध्ये साडेचौदा फुटांच्या आसपास. दोन फुटांत दोन माणसं उभी राहतात. फोटोतून बाहेर राहिलेली ती दोन माणसं आत्याबाई आणि त्यांचे यजमान असली, तर काय होतं ते मी सांगायला नको. इथे निकॉन पुढे.

दुसरं काम, अंधुक उजेड. लेन्सचं भोक किती उघडतं ते 'एफ' आकड्यानं सांगतात आणि हा आकडा उलटा चालतो, लहान आकडा म्हणजे मोठं भोक. रुंद दृश्य घेताना कॅननची लेन्स एफ ४.५ पर्यंत उघडते, निकॉनची ३.५ पर्यंत. म्हणजे निकॉनच्या लेन्समधून दीडपटीहून थोडा जास्त उजेड आत येतो. पूर्ण झूम केल्यावर मात्र दोन्ही ६.३ वर येतात, तिथे सारखेच. हात हलला तरी फोटो फार हलू नये म्हणून दोन्ही लेन्समध्ये सोय आहे. पण ती आपला हात सांभाळते, पळणाऱ्या पोराला नाही. आणि ही सोय कॅमेऱ्याच्या अंगात नाही, लेन्समध्ये आहे. पुढे दुसरी लेन्स घेतली आणि तिच्यात ती नसेल, तर हात घट्ट धरायला शिकावं लागतं. इथेही निकॉन थोडा पुढे.

तिसरं, फ्लॅश. कॅननमध्ये वर उघडणारा छोटा फ्लॅश आहे, निकॉनमध्ये नाही. हा छोटा फ्लॅश जवळच्या एक-दोन चेहऱ्यांपुरता. त्याच्या उजेडात कपाळ चकाकतं आणि मागे भिंतीवर सावली पडते. खरं काम बाहेरून बसवायच्या फ्लॅशनं होतं, तो छताकडे वळवला की उजेड मऊ पडतो. माझ्याकडे असा एक जुना, साधा फ्लॅश होता, तो मी पिशवीतून नेला होता. निकॉनवर बसवला, पेटला. कॅनन आर५० ची वरची जागा मात्र नव्या पद्धतीची आहे. जुन्या फ्लॅशला लागणारे संपर्कबिंदू तिथे नाहीत. मधे एडी-ई१ नावाचा जोड बसवावा लागतो, तो वेगळा विकत घ्यायचा. म्हणून सांगते मैत्रिणींनो, घरात जी वस्तू आहे आणि नव्या कॅमेऱ्यावर वापरायची आहे, ती दुकानात बरोबर न्या, बसवून बघा. फ्लॅश असो, माईक असो, तिवई असो.

इथपर्यंत माझ्या कागदावर निकॉनचं पारडं जड होतं. मनात म्हटलं, झालं, हाच घ्यायचा.

मग चौथं काम आलं, भर दुपारचं. मी दुकानदाराला म्हटलं, "दादा, दोन्ही कॅमेरे घेऊन जरा रस्त्यावर उभे राहू या का?" तो हसला, पण आला. बाराचं ऊन होतं. निकॉन हातात घेतला आणि मागच्या पडद्याकडे बघितलं. पडद्यात मला माझंच तोंड दिसत होतं, मागचं झाड दिसत होतं, समोरचा माणूस काही नीट दिसेना. त्यात माझा जवळचा चष्मा गळ्यात. तो लावला तर पडदा दिसतो, पण मान वर करून समोर बघितलं की सगळं धुरकट. चष्मा वर, चष्मा खाली, असं चाललं. पाळण्याचा दोर हातात घेतलेल्या आत्याला मी किती वेळ थांबवणार?

कॅनन आर५० ला डोळा लावायची खिडकी आहे, व्ह्यूफाइंडर म्हणतात तिला. आत छोटा पडदा असतो. डोळा टेकवला की बाहेरचं ऊन आत येत नाही. आणि त्या खिडकीच्या बाजूला एक बारीक चकती असते, ती फिरवून आपल्या नजरेप्रमाणे आतलं चित्र स्वच्छ करून घेता येतं. मी ती फिरवली आणि चष्म्याशिवाय मला समोरच्या दुकानाची पाटी लख्ख दिसली. शिवाय कॅमेरा कपाळाला टेकला की हातही स्थिर राहतो. निकॉन झेड ३० ला ही खिडकीच नाही, आणि आर५० सारखी ती त्यात मागाहून बसवण्याची सोयही नाही. एका मुद्द्यानं माझं पारडं फिरलं. बाकी उणिवांना उपाय होता. खोलीत दृश्य मावलं नाही तर दारात उभं राहता येतं, दोन रांगा करता येतात. उजेड कमी पडला तर फ्लॅश आहे, त्याच्या जोडाचे पैसे बाजूला ठेवता येतात. पण न दिसणाऱ्या पडद्याला उपाय नव्हता. माझी बरीच कामं अंगणातली आणि शेतातली आहेत, आणि डोळे काही आता तरुण होणार नाहीत.

पण याचा अर्थ सगळ्यांनी कॅनन घ्यावा असा नाही. माझी भाची पुण्याला असते, पदार्थांचे व्हिडिओ करते. तिनं मला फोनवर विचारलं, "मावशी, मग मीही तोच घेऊ का?" मी म्हटलं, "आधी तुझी यादी वाच." तिचं सगळं काम घरात, ओट्यासमोर. ऊन नाही. कॅमेरा तिवईवर, ती समोर. डोळा लावायची तिला गरजच नाही. दोन्ही कॅमेऱ्यांचा पडदा बाजूला उघडून पुढे वळवता येतो, त्यामुळे स्वतःला बघत बोलता येतं. निकॉनमध्ये पुढच्या बाजूला लाल दिवा आहे. चित्रण चालू असेल तर तो लागतो, म्हणजे अर्धा तास बोलून झाल्यावर 'अगं बाई, चालूच केलं नव्हतं' असं होत नाही. लहान स्वयंपाकघरात रुंद लेन्सही कामाची. सलग चित्रण कॅननमध्ये जास्तीत जास्त तासभर चालतं. निकॉनमध्ये १२५ मिनिटांपर्यंतची मुभा आहे, पण ती चित्रणाचा दर्जा कोणता निवडला त्यावर ठरते. बाहेरचा माईक जोडायची सोय दोन्हीत आहे, मात्र कानाला लावून आवाज तपासायचं भोक दोन्हीत नाही. म्हणून काम सुरू करण्याआधी मिनिटभराचं चित्रण करून ऐकून बघावं. तिनं निकॉन घेतला. तिच्यासाठी तोच बरोबर.

आता पैशांची गोष्ट. दुकानात सगळे पैसे कॅमेऱ्यावर घालवू नका. मी ७२,००० मधले ८,००० आधीच वेगळे काढले होते. त्यातून आणखी एक बॅटरी घेतली, कारण समारंभात एक पुरत नाही. दोन मेमरी कार्डं घेतली. ४के चित्रण करायचं तर कार्डावर 'व्ही३०' लिहिलेलं बघून घ्या. दोन्ही कॅमेऱ्यांत कार्डाला एकच खाच आहे, म्हणजे तिथल्या तिथे दुसरी प्रत तयार होत नाही. म्हणून घरी आल्यावर हातपाय धुवायच्या आधी फोटो संगणकावर उतरवायचे, हा मी नियम केलाय. बारसं दुसऱ्यांदा होत नसतं.

पुढे लेन्स वाढवायची झाली तर तोही विचार आजच करा, कारण एका कंपनीची लेन्स दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यावर सरळ बसत नाही. कॅननसाठी ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स आहे. अंधारातल्या एकट्या चेहऱ्याला छान, पण अरुंद खोलीत तिचा उपयोग नाही. निकॉनसाठी २४ मिलिमीटरची एफ १.७ आहे, ती खोलीतही चालते. सिग्मा कंपनीच्याही लेन्स दोन्हींसाठी मिळतात. कोणाच्या घरी जुन्या डीएसएलआरच्या लेन्स पडलेल्या असतील, तर जोड लावून त्या वापरता येतात. पण निकॉनच्या काही जुन्या लेन्स जोडावर बसल्या तरी आपोआप फोकस करत नाहीत, हातानं फिरवावं लागतं. ते विचारून घ्या.

मांडवातल्या दिव्यांचं राहिलंच. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं, आणि फोटोत आडवे काळे पट्टे येतात. शटरचा वेग एक शंभरांश किंवा एक पन्नासांश सेकंद ठेवला की पट्टे बहुतेक जातात. हा उपाय दोन्ही कॅमेऱ्यांना लागू आहे, फुकटचा आहे, म्हणून वहीत लिहून ठेवा.

आणि बिल. पक्कं बिल घ्या. कॅमेऱ्यावरचा नंबर बिलावरच्या नंबराशी जुळवून बघा. वॉरंटी भारतातली आहे ना, हे कार्डावर वाचा. बाहेरून आणलेला कॅमेरा काही हजारांनी स्वस्त मिळतो, पण बिघडला की आपणच अडकतो. कर्जाच्या वस्तूला तो धोका नको.

माझे सात हप्ते भरून झालेत. एकही चुकला नाही. गेल्या महिन्यात त्या आजींच्या धाकट्या सुनेच्या डोहाळजेवणाला मी स्वतःहून गेले, न बोलावता, आणि काही न मागता चार फोटो काढून दिले. त्यातला एक त्यांनी फ्रेम करून लावलाय असं कळलं. आता बारशाचं बोलावणं येतंय का ते बघू.

तर मैत्रिणींनो, दुकानात जाण्याआधी कागद घ्या आणि तुमची कामं लिहा. उजेड कुठला, जागा किती, डोळे कसे, घरात आधीपासून काय आहे, हप्ता किती. मग दोन्ही कॅमेरे हातात घेऊन तीच कामं दुकानात करून बघा, आणि उन्हात उभं राहायला लाजू नका. दुकानदार आकडे सांगेल, ते ऐकून घ्या. पण हप्ता आपल्याला भरायचाय, तेव्हा निवड आपल्या कागदावरूनच करा.